सासूबाईंची पारख

आमची प्रार्थनासभा रायपूरच्या गुढियारीत मिरचीच्या एका गोदामावरच्या हॉलमध्ये भरते. खाली पोती उतरायला लागली की वर सगळ्यांचे डोळे वाहू लागतात, आणि बाहेरगावचा एखादा सेवक उपदेशाला आलेला असला तर तो खूश होतो, की आज आत्मा काय जोरात उतरलाय. आम्ही त्याला काही सांगत नाही. डोळ्यांतलं पाणी आत्म्याचं की मिरचीचं, एवढी पारख आमच्यातल्या लहान पोरांनाही आहे.

मी या सभेत लग्नानंतर आले. माहेरचे आम्ही जुन्या, शांत चर्चच्या मंडळीतले. तिथे आमेनसुद्धा शेजाऱ्याची झोपमोड होणार नाही अशा बेतानं म्हणत. इथे पहिल्याच गुरुवारी माझ्या बाजूची बाई एकदम अन्य भाषेत, म्हणजे आत्मा उतरल्यावर येते त्या कुणालाच न कळणाऱ्या बोलीत, बोलायला लागली, तेव्हा मी पर्स उचलून दाराकडे सरकले होते. आता सवय झाली आहे. त्या बाईला अन्य भाषा नेमकी चहा गाळायच्या वेळी येते हेही मला माहीत झालं आहे, कारण मग चहा मलाच गाळावा लागतो.

आमच्याकडे ज्याला त्याला आत्म्याचं काही ना काही दान मिळालेलं आहे. बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांना दर गुरुवारी दर्शनात नदी दिसते. उन्हाळ्यात बोअर आटलं की त्यांच्या नदीचा मान एकदम वाढतो. मला कुठलं दान मिळालं असं कुणी विचारलं, तर मी सतरंज्या उचलायचं असं सांगते. लोक हसतात, पण सभा संपल्यावर सतरंज्या खरंच मीच उचलते.

सासूबाईंचं दान मात्र सगळ्यांत वरचं, आत्मे पारखण्याचं. कुणी उठून प्रभू असं असं म्हणतो म्हणून बोलला, तरी ते लगेच खरं धरायचं नाही, चार जाणत्यांनी आधी तोलायचं, असा आमच्या सभेचा नियम आहे. नावाला तोलणारे बरेच आहेत, पण बघतात सगळे सासूबाईंकडे. त्या पुढच्या ओळीत पदर डोक्यावर घेऊन, डोळे मिटून बसलेल्या असतात. बोलणं पटलं तर अस्सल छत्तीसगढीत म्हणतात, "हव." की झालं, शिक्का बसला. नाही पटलं तर डोळे न उघडताच म्हणतात, "बस भाऊ." आणि तो भाऊ मुकाट्यानं बसतो.

यात थोतांड नाही, हे मी सून असूनही सांगते. एकदा भिलाईकडचा एक तरुण आला होता. त्यानं भर सभेत जाहीर केलं की कीबोर्ड वाजवणारी मुलगी हीच आपली बायको, असं प्रभूनं त्याला तीन रात्री सांगितलं. मुलीच्या आईचा चेहरा पांढरा पडला, मुलीचा सूर चुकला. सासूबाईंनी त्याला शांतपणे विचारलं, देवानं हे पोट्टीले सांगतलं का? नाही म्हणाला. मग तिले सांगेल तवा ये, असं म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं. तो परत आला नाही, आणि देवानंही पुन्हा तो विषय काढला नाही.

घरीही तेच. दूध उतू गेलं आणि मी गॅसवर ढकललं, तर त्या नुसतं माझ्याकडे बघायच्या. मी मोबाइल बघत होते हे त्यांना न सांगता कळायचं. अशा बाईच्या हाताखाली संसार करणं म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

गेल्या उन्हाळ्यात बाहेरून एक सेवक आले. पांढरा सूट, गळ्यात घाम पुसायचा नॅपकिन, आणि आवाज असा की खालचे हमालही काम थांबवून ऐकत होते. त्यांनी डोळे मिटले, हात वर केला आणि म्हणाले की इथे असं कोणीतरी आहे ज्याला शुगर आहे, आणि प्रभू त्याला याच घडीला चंगा करत आहे. पन्नाशीच्या पुढची माणसं भरलेल्या रायपूरच्या हॉलमध्ये कुणाला तरी शुगर आहे हे सांगायला स्वर्गातून निरोप यायची काही गरज नव्हती. हात भराभर वर गेले. नदीवाल्या काकांचा गेला, अन्य भाषेवाल्या बाईचा गेला, मागच्या ओळीतल्या दोघा नवराबायकोचा गेला. आणि पुढच्या ओळीत सासूबाईंचा गेला.

शुगर हा आमच्या घरात गमतीचा विषय नाही. माझे सासरे रेल्वेत होते. चप्पल लागून अंगठ्याला जखम झाली, ती भरली नाही. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग ते गेले. तीच शुगर सासूबाईंना आहे, आणि सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या मी स्वतः त्यांच्या हातावर ठेवायची.

सेवक बोलून थांबले, तसे सवयीनं सगळे सासूबाईंकडे वळले. आता या तोलतील. त्यांनी डोळे उघडले. चेहरा असा उजळला होता की मी तो तसा कधी बघितला नव्हता. "हव," त्या म्हणाल्या. सभेनं हल्लेलूया म्हटलं. तोलणाऱ्या बाईचं स्वतःचं कोण तोलणार, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. इतकी वर्षं एकाच माणसाकडे बघायची सवय लागली, की असंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गोळ्यांची डबी माझ्या हातात परत दिली आणि चहात साखर घालायला सांगितलं. नंतर नातीला पाठवून कोपऱ्यावरून जिलबी मागवली. जिलबी खाताना त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि खरं सांगायचं तर उपासनेतही मी त्यांना इतकं तल्लीन झालेलं पाहिलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानं एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, एकीकडे आई आणि वर देव, यात मी काय बोलणार, असं म्हणाला आणि ड्यूटीवर निघून गेला. माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. तिनं दादीला लाडानं सांगितलं की शुगरच्या मशीनवर एकदा बघून तरी घे. देवाची परीक्षा नाई घ्याची, असं उत्तर मिळालं, आणि मशीन कपाटात गेलं.

पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्या उशाजवळची पाण्याची बाटली भरून भरून मी थकले. दुपारी त्या खुर्चीतच पेंगायला लागल्या. एके दिवशी आंघोळीनंतर त्या पाय पुसत होत्या तेव्हा मी पाहिलं, अंगठ्याला चप्पल लागली होती आणि जखम ओली होती. त्यांनी लगेच लुगड्याचा काठ त्यावर ओढला. मी इतकी घाबरले की आधी रडू आलं आणि मग राग आला. माझा राग नाकावरच असतो. मी ओरडले, त्या शांत राहिल्या. हळूहळू भरते म्हणाल्या, आणि वर, माझा विश्वासच कमी आहे असंही म्हणाल्या. त्या दिवशी मी भांडी अशी आपटली की शेजारीण काय मोडलं ते बघायला आली.

मी पास्टरकडे गेले. ते माझ्या नवऱ्यापेक्षाही लहान आहेत आणि भले आहेत. डॉक्टरही देवानंच दिलाय असं ते नेहमी सांगतात, स्वतः बीपीची गोळी घेतात. पण सासूबाईंशी बोला म्हटल्यावर ते टेबलावरची पुस्तकं नीट लावायला लागले. त्यांनी कबूल केलं की त्यांच्या स्वतःच्या भविष्यवाण्याही दीदीनं, म्हणजे सासूबाईंनी, खाली बसवलेल्या आहेत. शेवटी म्हणाले की तुम्हाला प्रभूकडून काही मिळालं तर सभेत उठून बोला, आम्ही तोलू.

मग मी देवाकडून काही मिळवायच्या मागे लागले. आठवडाभर कान देऊन राहिले. कुकरच्या शिट्ट्यांशिवाय काही ऐकू आलं नाही. बुधवारपर्यंत माझा धीर सुटला आणि मी ठरवलं की त्याच्या वतीनं आपणच बोलावं. एका म्हाताऱ्या बाईनं शुगरची गोळी घ्यावी की नाही, याबद्दल त्याचं मत माझ्यापेक्षा फार वेगळं असेल असं मला वाटत नव्हतं. बेसिनपाशी उभी राहून मी भारदस्त आवाज काढायचा सराव केला. मुलीनं दार उघडून विचारलं की बरं वाटत नाही का.

गुरुवारी गाणी संपली आणि मी उठले. इतक्या वर्षांत मी सतरंजी उचलायलाच उठलेली, त्यामुळे सगळे बघायला लागले. मी त्या सरावातल्या आवाजात, सभेच्या हिंदीत, सुरू केलं, "प्रभु यूँ कहता है, मेरी एक बेटी है, जिसने अपनी दवा..."

"बस," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. "हे देव नाई बोलून राहिला, सूनबाई. हे तू बोलून राहिली."

हॉल हसला. पास्टरसुद्धा हसले. माझे कान तापले, आणि आजवर स्वयंपाकघरातच निघणारा माझा राग पहिल्यांदा प्रार्थनेच्या हॉलमध्ये बाहेर पडला.

"हो, मीच बोलतेय," मी म्हटलं. "देवानं मला काहीच सांगितलं नाही. आठवडाभर वाट पाहिली त्याची. पण तुमचा अंगठा मला दिसला, आई. आणि त्या दिवशी तुम्ही हव म्हटलं, ते कुणी तोललं?"

हसणं थांबलं. खाली एक पोतं धप्पकन पडलं. सासूबाई म्हणाल्या, ठीक आहे, तोला मग. पास्टरनी मान खाली घातली. सगळे एकमेकांकडे बघत होते, आणि शेवटी नदीवाले काका गुडघ्यावर हात टेकून हळूच उठले.

"दीदी, हाथ मैंने भी उठाया था," ते म्हणाले. "पर गोली रोज़ ले रहा हूँ."

त्यांच्यामागून अन्य भाषेवाली बाई, आज अगदी साध्या हिंदीत, बोलली की ती इन्सुलिनवर आहे, एक दिवस बंद केलं, भीती वाटली, परत चालू केलं. मागच्या ओळीतले नवराबायको सतरंजीचे धागे ओढत बसले होते. आम्हीही, असं त्यातला नवरा पुटपुटला. म्हणजे सगळ्यांनी जोरात हल्लेलूया म्हटलं होतं आणि घरी जाऊन गोळी गिळली होती. मनापासून विश्वास ठेवला तो एकाच माणसानं, आणि सहजासहजी विश्वास ठेवायचा नाही हे तर त्या माणसाचं कामच होतं.

मला हसू येणार होतं, खरंच. पण सासूबाईंचा चेहरा बघून ते घशातच राहिलं. "मले कोनी काहून नाई सांगतलं?" त्यांनी विचारलं. त्यांच्या भीतीनं, असं त्यांच्या तोंडावर कोण सांगणार. मग त्या माझ्या सासऱ्यांबद्दल इतक्या हळू आवाजात बोलल्या, की अर्ध्या हॉलला ऐकूही गेलं नसेल.

"ह्याहिच्यासाठी मी किती उपास केले. किती सभेत घेऊन गेली. एका मानसानं उठून म्हटलं नाई का हा बरा होईल. मी आपली ऐकत बसायची, आता म्हनतीन, आता म्हनतीन. मंग माह्यासाठी कोनी म्हटलं, त मी नाई कशी म्हनू वं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं. तो पांढऱ्या सूटवाला खरा निघायला हवा होता, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. कुणीतरी भलत्याच पट्टीत गाणं सुरू केलं आणि त्या दिवशी चहा फार उशिरा झाला.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःच मशीन मागितलं. मुलीनं सुई टोचली आणि आकडा गुपचूप मला दाखवला. सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे बघून काय ते ओळखलं. डॉक्टरांनी पुढे बरेच दिवस पट्ट्या करून अंगठा वाचवला, पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी त्यांनी गोळी तळहातावर घेतली आणि डोळे मिटले. जेवणाआधीच्या प्रार्थनेला लागतो त्याहून बराच जास्त वेळ लागला. मी पेला हातात धरून उभी होते. मला वाटलं, चुकलं म्हणून माफी मागत असतील.

डोळे उघडल्यावर मी विचारलं, काय म्हणालात एवढं?

"भांडली," त्या म्हणाल्या. "हे गेले तवापासून देवावर राग होता माहा. सभेत त्याची बाजू घेऊन बसाची, पन घरी त्याच्यासंग कधी धड बोलली नाई. आज सगळं काढलं."

मी विचारलं, मग तो काय म्हणाला.

"गुमान ऐकून राहिला," असं म्हणून त्यांनी पाण्यासाठी हात पुढे केला.