दांड्याचं वजन

मी चौथी शिकलेला माणूस, पण तोल मला कळतो. बऱ्हाणपुराजवळ फोपनारला आमची केळीची बाग आहे. घड काट्यावर चढला की व्यापारी दांड्याचं वजन कापतो. दांडा म्हणजे घडाच्या मधला जाड देठ. त्याच्याशिवाय फळ लटकत नाही, पण तोलात तो धरत नाहीत. यात फसवणूक काही नाही, कापणीच्या आधीच सगळ्यांना माहीत असतं.

नातीच्या बाबतीत मात्र आम्हाला आधी कोणी सांगितलं नाही.

मुलगा-सून सुरतेला कामाला, म्हणून पोरगी आम्ही दोघांनीच वाढवली. बारावीला ती बऱ्हाणपुरात शाळेच्या होस्टेलात होती. पालकांच्या मीटिंगला माझी बायको पुढच्या बाकावर बसायची. तिथे मोठे सर म्हणाले, "बारावीचे परसेंट हेच सगळं. पंच्याण्णवच्या वर आणा, दिल्लीचं मोठं कॉलेज स्वतः बोलावेल. बाकी कुठे डोकं लावू नका."

जत्रेत लेकराचा हात धरावा तसा बायकोने तो आकडा धरला. मला विचारायची, "अहो, तुमचे चौथीत किती होते?"

"पास झालो होतो."

"पासाला कोण विचारतं," ती म्हणायची.

माघात ती आजारी पडली. पोटात गाठ. जळगावला नेलं, तिथून घरी न्या म्हणाले. इकडे पोरीचे पेपर चालू झालेले. मी म्हणालो, एक दिवस आणतो तिला, बघून जाईल. तर ही म्हणते, "खबरदार. आली तर रडेल, रडली तर टक्के जातील." पोरीचा फोन आला की उशीला टेकून आवाज कडक करायची, "केळीला पाणी चालू आहे गं, जास्त बोलू नको." पुढे तो आवाजही निघेना. मग मी सांगायचो, "आजी बागेत गेली."

तीन पेपर बाकी असताना ती गेली. मी तिचा शब्द पाळला. मुलाला तंबी दिली, होस्टेलात कळता कामा नये. दहाव्याला तापीकाठी राजघाटावर पिंड ठेवला, कावळा शिवेना. मुलाने बोलून पाहिलं, सुनेने बोलून पाहिलं. शेवटी मी हात जोडले, "पोरीला पंच्याण्णव पडतील. ती दिल्लीला जाईल." कावळा उतरला.

पेपर संपल्यावर तेराव्याला पोरीला आणली. ती दारातच बसली. आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "आबा, आजीनेच सांगितलं होतं ना, मला बोलवू नका म्हणून?"

मी हो म्हणालो.

"मग ठीक."

शहाण्णव पडले. शाळेने गेटवर तिचा माणसाएवढा फोटो लावला. आम्ही दोघं दिल्लीचा फॉर्म भरायला बऱ्हाणपुरात ऑनलाइनच्या दुकानात गेलो. मी मार्कशीट लॅमिनेशन करून नेली होती. दुकानातल्या बाईने ती हातातसुद्धा घेतली नाही.

"एंट्रन्स का नंबर बताओ."

"कसला नंबर?"

"बाबा, अब अलग परीक्षा होती है, उसी के नंबर से दाखिला मिलता है. उसके फॉर्म तो कब के बंद हो गए. बारहवीं में बस पास चाहिए."

पास.

पोरगी हळूच बोलली, "म्हणजे मी एक दिवस घरी आले असते, तरी चाललं असतं."

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"काका, पहिले परसेंटवरच व्हायचं. आता नियम बदलले. आणि आम्हाला आधी बोर्डाचा रिझल्ट बघावा लागतो, शाळेचं नाव असतं."

"म्हणजे माहीत होतं."

ते पेनचं टोपण काढत होते, लावत होते. मी म्हणालो, "दांडा कापायचा तर घड काट्यावर चढायच्या आधी सांगायचं असतं. माझी बायको त्या दांड्यापायी नातीचं तोंड न बघता गेली." तो फोटो मी उभं राहून उतरवायला लावला.

सरांना शिव्या देणं सोपं आहे. पण आजी बागेत गेली, हे फोनवर सर नव्हते बोलले. घाटावर तिला खोटं सांगून वाटेला लावली, तीही मीच.

आता पोरगी घरीच एंट्रन्सचा अभ्यास करते. या वर्षीचा फॉर्म भरायच्या आधी तिने मला समोर बसवलं.

"आबा, शब्द द्या. तुम्हाला काही झालं, तर मला पेपरातून उठवून आणायचं."

"वर्ष जाईल, बेटा."

"जाऊ द्या."

मी शब्द दिला. तरी तिने शेजारणीला बोलावून माझ्यादेखत तेच परत सांगितलं, आणि तिच्याकडूनही कबूल करून घेतलं. माझ्या एकट्याच्या शब्दावर आता तिचा भरवसा नाही. बरोबर आहे तिचं.