काकूची बुरशी उघडी पडली

समोरच्या घरातल्या काकूला अख्खी इमारत बुरशीकाकू म्हणायची, आणि तिला त्याचा कोण अभिमान! शाळेत जीवशास्त्र शिकवणारी ही बाई केस पिकायला लागल्यावर स्वतःच पुन्हा शिकायला गेली. त्याला कारण तिच्या सासूबाई.

सासूबाईंच्या तोंडात, कवळीखाली बुरशी झाली होती. औषधाने ती गेली, पण म्हातारीने विचारलं, "अंगात एवढे पहारेकरी असतात म्हणतेस, मग ते काय झोपले होते?"

तो प्रश्न काकूच्या डोक्यात घर करून बसला आणि तिने थेट विद्यापीठाची प्रयोगशाळा गाठली.

तिथे काय कळलं ते ती सासूबाईंना जेवताना सांगायची. "आई, या बुरशीच्या पेशीला भिंत असते. भिंतीच्या आतल्या थरात ग्लुकन नावाचं एक द्रव्य असतं. ते दिसलं की आपल्या भक्षक पेशी, म्हणजे तुमचे ते पहारेकरी, तिला ओळखतात आणि गिळून टाकतात. म्हणून ती वर दुसरा थर चढवते. तरी कुठे ग्लुकन डोकावलंच, तर तेवढं तासून टाकते."

"स्वतःच?"

"स्वतःच. त्यासाठी खास एन्झाइम सोडते."

"मेली, भलतीच चलाख आहे गं!" सासूबाईंना बुरशीचं कौतुकही वाटलं.

जिला हे एन्झाइम बनवताच येणार नाही अशी बुरशी तयार करायची, असं काकूने ठरवलं. पहिल्या खेपेला प्रयोगाच्या बशीत दुसरीच कुठलीतरी काळी बुरशी माजली. दुसऱ्या खेपेला भक्षक पेशीच मेल्या. काकू घरी येऊन भांडी आपटायची आणि सकाळी पुन्हा हसत निघायची.

एका दुपारी तिचा फोन आला. "आई, टॅक्सी करा आणि या. आत्ताच्या आत्ता!"

सासूबाई घरातल्याच चपला घालून पोचल्या. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर बुरशीच्या गोल पेशी हिरव्या चमकत होत्या. उघड्या पडलेल्या ग्लुकनला चिकटलेल्या रंगाची ती चमक. एक भक्षक पेशी सरपटत आली, थबकली, पुढे झाली.

"गिळ गं बाई, गिळ!" सासूबाई ओरडल्या.

तिने बुरशीची एक पेशी गिळली. मग दुसरी. मग तिसरी. काकूने सासूबाईंना मिठीच मारली आणि दोघी खुर्च्यांमधल्या चिंचोळ्या जागेत गोल फिरल्या.

काकूचे मार्गदर्शक हसत म्हणाले, "आजी, यातून औषध व्हायला अजून बरीच वर्षं लागतील हं."

"लागू देत की," सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. "मला कुठे घाई आहे? ते चित्रण पहिल्यापासून लावा बघू परत."