काकोसांनी बुडवलेली म्हातारी

लग्न होऊन मी डोंगराच्या पायथ्याशी खापर गावात आले तेव्हा जगाची दुसरी मोठी लढाई चालू होती आणि कापड मिळेनासं झालं होतं. सासरचं दुकान नेमकं कापडाचं. घरात मी, माझे यजमान आणि त्यांचे काका-काकू. त्या दोघांना सगळे काकोसा आणि काकीसा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. आमची माणसं मारवाडातून इकडे येऊन कैक पिढ्या झाल्या होत्या, पण सुनेचा घुंघट मात्र कालच तिकडून आल्यासारखा हनुवटीपर्यंत. बाजाराच्या दिवशी मी माडीच्या खिडकीत बसून त्या घुंघटातून सगळं बघायची. घरच्यांना वाटायचं, सून फार गरीब स्वभावाची मिळाली.

काकोसांना चित्रांचा नाद होता. एकदा सुरतेहून आलेली कापडाची गाठ सोडताना आत एक इंग्रजी छापील कागद निघाला. चौकटीचौकटींत चित्रं, आणि प्रत्येक चौकटीत तोच एक घट्ट कपड्यांतला गडी. कुठे उडी मारतोय, कुठे कुणाचं थोबाड फोडतोय. आम्हाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण गोष्ट कळली. काकोसा दिवसभर तो कागद घेऊन बसले. पुढच्या बाजाराला त्यांनी गाठीच्या आतल्या जाड कागदावर आपली स्वतःची गोष्ट काढून ओट्यावर टांगली. काजळी, नीळ आणि कुंकू एवढेच रंग. दुकानात कापड असो नसो, गिऱ्हाइकाचं तोंड आपल्याकडे वळलं पाहिजे, असं ते म्हणायचे. आणि वळलं. दर बाजाराला नवा कागद लागायचा, आणि डोंगरातून उतरलेली माणसं टोपल्या डोक्यावरून न उतरवताच त्याच्यासमोर उभी राहायची.

गोष्टीत तिघं होते. एक गोरागोमटा, तलवार घेतलेला शूर गडी, त्याच्याबद्दल कुणी कधी काही विचारलं नाही. त्याला भूक लागायची नाही, राग यायचा तो नेमका दुष्टाचाच यायचा. दुसरा एक चोर. तो धान्य चोरायचा, निम्मं वाटायचा, निम्मं स्वतः ठेवायचा. ते निम्मं ठेवणं लोकांना फार आवडायचं. त्याच्यावर बायका हसायच्या आणि पुरुष एकमेकांना कोपरानं ढोसायचे. तिसरी होती म्हातारी. तिच्या एका डोळ्यात पांढरं फूल पडलेलं. तिनं गोष्टीत कुणाला हात म्हणून लावला नाही. ती फक्त कुणाच्या तरी दारात थांबायची, हसून लेकराची चौकशी करायची, आणि पुढच्या चौकटीत त्या घरात लेकरू तापानं फणफणलेलं असायचं.

तिच्यासमोर सगळे गप्प व्हायचे. मला ते वरून नीट दिसायचं. शूर गडी काय करणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. म्हातारीचं ठाऊक नव्हतं, आणि तिला कसली घाईही नव्हती. शिवाय गड्याची तलवार कुणी घरी पाहिली नव्हती, दारात थांबून चौकशी करणारी म्हातारी मात्र प्रत्येकाच्या गावात होती. मलाही ती आवडायची, खोटं कशाला सांगू? भीती वाटायची आणि पुढच्या बाजाराची वाटही बघायची.

फूल पडलेल्या डोळ्याची एक खरीखुरी बाई त्याच बाजारात बसायची. डोंगरातल्या पाड्यावरची विधवा, चारोळी आणि डिंक विकायची. काकोसांनी तिला पाहून काढलं की उगीच भीतीसाठी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. हळूहळू तिच्या टोपलीपुढची जागा रिकामी पडू लागली. बायका तिच्यासमोरून जाताना लेकरांवर पदर घ्यायच्या. मग तिच्या पाड्यावर एक मूल तापानं गेलं, आणि मी पहिल्यांदा तो शब्द बाजारात ऐकला. डाकीण. हा शब्द कुणाला चिकटला की पुढे काय होतं, ते आमच्या भागात लेकरालाही सांगावं लागत नाही.

एका बाजाराच्या सकाळी ती बाई स्वतः ओट्याशी येऊन उभी राहिली. कागदाकडे बोट करून तिनं विचारलं, "हाई मी शे?"

"नही वो माय, हाई तं गोट शे," काकोसा गडबडून म्हणाले.

"मंग माले तठाईन काढ."

मला त्या कागदातून बाहेर काढ, एवढं बोलून ती गेली. काकोसा वाईट नव्हते. जेवले नाहीत त्या दिवशी. कागद टांगणं बंद करावं, असं यजमान म्हणाले. पण मग लोक विचारतील, म्हातारी गेली कुठे? ती मोकळी फिरतेय म्हणतील. शेवटी काकोसांना तोड सुचली. दुष्ट माणूस मेला की गोष्ट संपते आणि लोक निवांत घरी जातात. म्हातारीला मारायचं, पण माणसांच्या हातून नाही, म्हणजे कुणाला नको ते शिकायला मिळणार नाही. नर्मदेत बुडवायची. आम्हाला सगळ्यांनाच ते पटलं.

कागद फार छान उतरला होता. निळीचं पाणी, त्यात वर आलेला एक हात, आणि शेवटच्या चौकटीत नुसतं पाणी. बाजारानं सुस्कारा सोडला. कुणी टाळीही वाजवली. ती बाई त्या दिवशी आली नव्हती, पण नंतर कुणीतरी तिला निरोप दिला की तुझी गोष्ट संपली.

म्हणून पुढच्या बाजाराला ती आली. डोक्याला तेल लावून, टोपली काठोकाठ भरून, आपल्या जागेवर येऊन बसली. तिला वाटलं, सुटले.

आधी मिरचीवाले गप्प झाले, मग भांडीवाले, मग सगळा बाजार. बैलांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. एक म्हातारबा पुढे वाकून तिच्याकडे बघत म्हणाला, "हाई तं मरी गयती ना?"

"पानीमाईन वर उनी!" मागून कुणीतरी ओरडलं.

लोक मागे सरले, आणि सरता सरता दोघातिघांनी खाली वाकून दगड उचलले. काकोसा ओट्यावर उभे होते. तेवढ्यात खिडकीत माझ्या शेजारी बसलेल्या काकीसा उठून ओट्यावर गेल्या. आमच्या घरच्या बायका ओटा उतरून बाजारात जात नसत, कधीच नाही.

"थे बावळा हुग्या कांई? बोलो नी कांई!" नवऱ्याला एवढं सुनावून त्या खाली उतरल्या, घुंघट मागे टाकला, आणि त्या बाईसमोर उकिडव्या बसल्या. मूठभर चारोळी घेतली आणि सगळ्यांसमोर चावून चावून खाल्ली. सगळा बाजार त्यांच्या जबड्याकडे बघत होता. दगड हातातच राहिले.

मी धावत खाली गेले होते, म्हणून बाईचं बोलणं मला ऐकू आलं. आभार वगैरे काही नव्हते. ती कुजबुजली, "बहीन, आते तू बिमार पडू नको. तू बिमार पडनी तं लोके मन्हं घर पेटाडी देतीन."

काकोसांनी चित्रं काढणं सोडलं. लोक मात्र विचारत राहिले, म्हातारी परत कधी येणार? बुडून वर आल्यापासून ती त्यांना आणखीच आवडू लागली होती. आणि दर बाजाराला ते ओट्याकडे बघायचे, चारोळी खाल्लेली शेठाणी कशी आहे म्हणून. काकीसाही दर बाजाराला ओट्यावर येऊन बसायच्या. लोकांना दिसायला पाहिजे, म्हणायच्या.

पावसाळा सरता सरता त्यांना हिवताप आला. आमच्या भागात तो कुणाला येत नाही? पण लढाईमुळे त्यावरचं औषध, कोयनेल, मिळत नव्हतं. दोन बाजारांच्या मधल्या दिवसांत त्या गोधड्यांखाली कुडकुडायच्या आणि बाजाराच्या दिवशी नवं लुगडं नेसून बाहेर यायच्या. कपाळाला हळदकुंकू, विडा खाऊन ओठ लाल केलेले. एका बाजाराला थंडी नेमकी दुपारी भरली. आत चला म्हणून मी पाया पडले. त्यांनी मिरच्या निवडायचं सूप मांडीवर ओढलं आणि उन्हात सरकून बसल्या. समोर माणसं जमू लागली होती. मी त्यांच्या पाठीला खांदा टेकून बसले, म्हणजे अंगाचा थरथराट दिसू नये.

ती बाई गर्दीतून वाट काढत आली आणि शेजारी टेकली. बोलता बोलता तिनं काकीसांचा हात हातात घेतला. हात किती भाजत असेल ते मला खांद्यावर कळत होतं. बाईचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. तिनं समोरच्या लोकांकडे पाहिलं, आणि काहीतरी भारी थट्टा ऐकल्यासारखी मोठ्यानं हसली. काकीसाही हसल्या. हसताना त्यांचे दात एकमेकांवर कडाकडा वाजत होते. तो आवाज बाजाराला ऐकू जाऊ नये म्हणून मीही घुंघट मागे टाकला आणि जीव खाऊन हसू लागले.