चेण्याच्या शेतातली बेणणी

बाल्कनीत मेथी उगवली त्या दिवसापासून मला वेड लागलं. मग ओल्या कचऱ्याचं खत आलं, लिंबाच्या सालींचं भांडी घासायचं पाणी आलं, ग्रिलला टांगलेल्या मिरच्या आल्या. इंद्रलोक वस्तीतल्या आमच्या सोसायटीत माझ्यासारखी डोकं फिरलेली आणखी तीन घरं निघाली आणि आम्ही मिळून जवळच्या चेणे गावात भातशेतीचा एक तुकडा वर्षभरासाठी घेतला. युरिया नाही, फवारणी नाही, आपला तांदूळ आपण पिकवायचा. मी तर हवेतच होते.

सासरे मात्र ढिम्म. जन्म मोरवा गावातला, अर्धं आयुष्य भातात गेलेलं. जमीन विकल्यावर त्यांनी पुन्हा चिखलात पाय ठेवला नव्हता. शेताचा विषय निघाला की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. मी मनाशी ठरवलं, पीक असं आणायचं की त्यांना चांगलं म्हणावंच लागेल.

लावणी आम्ही फोटो काढत, हसत, वाकडीतिकडी केली. तीन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, बेणणीला गेलो. बेणणी म्हणजे तण उपटणं, त्यात काय एवढं ओळखायचं, असं मला वाटलं. उंच आणि टवटवीत तो भात, बुटकं आणि पिवळट ते तण. दुपारपर्यंत सगळं उपटून बांधाशी पाण्यात ढीग टाकला. कंबर मोडली होती, पण इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. घरात शिरल्या शिरल्या मोबाइल सासऱ्यांपुढे धरला.

त्यांनी चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला.

“ह्यो भात न्हाय,” ते म्हणाले. “गवत हाय. भात कुठं टाकलास?”

बांधाशी, पाण्यात, असं कसंबसं सांगितलं. मुळं ओली असतील तर आज लावून जगतील, उद्या काही खरं नाही, असं बोलत ते चप्पल घालायलाही लागले होते. रिक्षावाल्याला त्यांनी वाटेत तीनदा ‘जल्दी चलाओ’ सांगितलं. मला रडू येत होतं आणि हसूही.

बाकीच्या घरांना मी रिक्षातूनच फोन केले होते, तीही मागोमाग पोचली. सासऱ्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ आत उतरले. पान जिथे ताटाला, म्हणजे दांड्याला, चिकटतं तिथे भाताला बारीक लव असते, या गवताला नसते, हे त्यांनी एकदाच दाखवलं आणि आम्हाला गवत उपटायला लावलं. स्वतः ढिगातून भात निवडून लावत सुटले. मागे मागे सरकत, दोरी न धरता, ओळ सरळ. आम्ही चार घरांनी सबंध दिवसात लावलं होतं जवळजवळ तेवढं त्यांनी चहाच्या वेळेपर्यंत लावलं. पाठ दुखेल म्हणून मी दोनदा बोलावलं. त्यांना ऐकूच जात नव्हतं.

ढीग संपला. एक कोपरा अजून रिकामा होता. ते वाकलेलेच राहिले आणि मान न उचलता त्यांनी हात मागे केला.

“बाय, अजून रोपं हायत का?”

नव्हती. पण तसं सांगायची माझी छातीच झाली नाही. मी तशीच चिखलाच्या पायांनी शेजारच्या शेतवाल्याच्या घराकडे उरलीसुरली रोपं मागायला पळत सुटले.