एक्केचाळीस नंबरची फाइल

आमच्या प्रयोगशाळेत संशोधनाला येणारी मुलं दोन प्रकारची. काही न विचारता माझ्या मशीनला हात लावणारी आणि आधी विचारणारी. फुटपट्टी दुसऱ्या प्रकारातली. हे नाव मीच ठेवलं, कारण पोरगी मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून माझ्याशी हुज्जत घालायची. तीस वर्षं मी सोनोग्राफीचं मशीन चालवतोय, पण तिच्यापुढे माझं काही चाललं नाही.

तिची पीएच.डी. होती हृदय निकामी होत चाललेल्या माणसांच्या रक्तवाहिन्यांवर. पद्धत साधी. हाताला कोपराखाली पट्टा बांधायचा, हवा भरून पाच मिनिटं रक्त अडवायचं आणि एकदम सोडायचं. दंडातली धमनी धडधाकट असेल तर त्या लोंढ्याने रुंदावते, आजारी असेल तर ढिम्म. चित्रं मी घ्यायचो, मोजायची ती. मात्र कुणाचं चित्र मोजतोय हे तिला कळता कामा नये. म्हणून माणसाच्या मनगटाला नंबराची चिठ्ठी, फाइलवर तोच नंबर आणि नावांची वही माझ्या कपाटात, कुलपात. चुकून नाव कळलं तर ती फाइल बाद.

तुलनेसाठी साठीच्या पुढची निरोगी माणसंही लागत होती, ती मिळता मिळेनात. शेवटी ती म्हणाली, "काका, माझ्या बाबांना पाठवते. त्यांना साधी सर्दीसुद्धा होत नाही."

बाबा शिंपी. गळ्यातली टेप तशीच घेऊन आले. दोन मजले चढताना तीनदा थांबले आणि वर येऊन म्हणाले, "दुकानात बसून बसून गंज चढलाय, दुसरं काही नाही." मी पट्टा बांधत होतो तर यांची नजर माझ्या शर्टावर. "खांदा अर्धा इंच उतरलाय. कुणी शिवला हो हा?"

पाच मिनिटांनी हवा सोडली. पडद्यावरची धमनी हलली नाही. ते मोजे वर ओढायला वाकले तेव्हा घोट्यावर मोज्याच्या कडेचा खोल वळ दिसला. पाय सुजलेले होते.

"मास्तर, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या."

"घरात डॉक्टर तयार होतेय की!"

मी हसलो. हसायला नको होतं.

आठवड्याने फुटपट्टी माझ्या टेबलाशी आली. "काका, एक्केचाळीस बघा. एक टक्कासुद्धा रुंदावली नाही! हा नक्की पेशंट." आपण काय काम करतो ते बाबांना दाखवायचं म्हणून तिने त्याच चित्राची प्रत काढून घेतली. नियमाने माझ्या तोंडाला कुलूप होतं, आणि मला ते सोयीचंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर एकटेच आले. धाप ओसरेपर्यंत खुर्चीत बसून राहिले, मग खिशातून मनगटाची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

"भाऊ, एक्केचाळीस मीच ना?"

मी चिठ्ठी उचलून खणात टाकली.

"काल जेवताना तिने चित्र दाखवलं, वर एक्केचाळीस लिहिलेलं. म्हणाली, बाबा, या माणसाची धमनी बघा, नुसतं लाकूड. मी विचारलं, मग हा किती दिवस काढेल? तर म्हणाली, असे फार नाही काढत. आणि मला भाजी वाढली."

एका चित्रावरून कुणाचा आजार ठरत नाही, हे मी त्यांना सांगितलं. पण त्या पायांवर औषध हवं, आजच्या आज चला, औषधांवर अशी माणसं वर्षानुवर्षं जगतात, हेही सांगितलं.

"जाईन ना. तिचं दोन महिन्यांचं काम उरलंय. आत्ता औषधं सुरू झाली तर एक्केचाळीस कोण ते तिला कळेल, आणि फाइल बाद होईल."

"एका फाइलसाठी? वेड लागलंय का मास्तर?"

"चार वर्षं घातलीत तिने. एक काज चुकलं की खालची सगळी बटणं चुकतात, भाऊ." मग त्यांनी मला पोरीची शपथ घातली.

मी आमच्या मोठ्या सरांना सांगायला हवं होतं. तिच्या कानावर न जाता त्यांनी मास्तरांना डॉक्टरकडे पोचवलं असतं, एवढी सोय आमच्यात होती. मी सांगितलं नाही. शपथेचा मान राखला म्हणे! मला मास्तरांचा अजून राग येतो, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

सात आठवड्यांनी मास्तर दुकानात, शिवता शिवताच गेले. सुईखाली अर्धी बाही तशीच होती. दवाखाना गाठायलाही वेळ मिळाला नाही.

बाराव्या दिवसानंतर फुटपट्टी कामावर आली. कुणाशी न बोलता उरलेल्या फाइली मोजून संपवल्या. मग सरांच्या परवानगीने मी कपाट उघडलं. मी वहीतून एकेक नाव वाचत होतो आणि ती नंबरापुढे लिहीत होती. चाळीसपर्यंत आलो आणि थांबलो. तिने वही आपल्याकडे ओढून घेतली.

तिने पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

"काका, तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि बाबांना?"

मला ती भाजी वाढणारी पोरगी दिसली. मास्तरांची चिठ्ठी अजून माझ्या खणात होती, हाताच्या अंतरावर.

"नाही," मी म्हणालो. "त्यांना काहीच माहीत नव्हतं."

तिने मान हलवली. मग संगणकावर एक्केचाळीस नंबर उघडला आणि धमनीच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत रेघ ओढून पुन्हा मोजलं. परत पुसून मोजलं. संध्याकाळपर्यंत ती मोजत होती, आणि दर वेळी तेवढंच भरत होतं.