पेरोनेल नालबंदीण

नवऱ्याला मूठमाती दिल्याच्या चौथ्या दिवशी पेरोनेलनं भट्टी पेटवली, तेव्हा व्हेरानच्या लोहार आळीत कुणालाच ते रुचलं नाही. जोसच्या छातीत दोन वर्षं खोकला घर करून होता. त्या दोन वर्षांत तो दारातल्या बाकावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा आणि आत घोड्याचा पाय मांडीवर घेऊन नाल ठोकायची ती पेरोनेल. आळीला हे माहीत होतं. पण जोस दारात बसला होता तोवर कुणाला ते दिसत नव्हतं.

लोहारांच्या संघाचा नियम असा, की विधवेनं एक वर्ष आणि एक दिवस दुकान चालवावं. मग एखाद्या लोहाराशी लग्न करावं, नाहीतर किल्ल्या संघाच्या हवाली कराव्यात. संघाचा प्रमुख गार्निये समोरच राहायचा आणि त्याचीही बायको वारलेली होती.

"पेरोनेलबाई, माझ्या घरी वरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्यात," तो एकदा सहज आल्यासारखा येऊन म्हणाला.

"कांदे भरा त्यात, भावजी. वारा चांगला लागतो वर."

भाता ओढणारी तिची नणंद ऊदीन इतकी हसली की विस्तव विझायची पाळी आली.

ईस्टर झाला आणि लढाईचं बोलावणं आलं. टेकडीवरच्या गढीचे सरदार तिबो चाळीस घोडी घेऊन निघणार होते. त्यांचा नालबंद हिवाळ्यात तापानं गेला होता, म्हणून ते स्वतः आळीत उतरले. बरोबर त्यांचा करड्या रंगाचा घोडा फेरां होता, पुढच्या उजव्या पायानं लंगडणारा, आणि त्याचा लगाम धरून पागेचा मुख्य रिशां.

सरदारांनी विचारलं, "माझ्याबरोबर कोण येतंय?" आळीतल्या लोहारांना अचानक आपापली दुखणी आठवली. गार्नियेचा तर गुडघाच धरला.

पेरोनेल मात्र घोड्याकडे बघत होती. "याला काय झालंय म्हणता?"

"खांदा भरलाय," रिशां म्हणाला. "उद्या डाग देणार आहे."

"खांद्याला काही झालेलं नाही. पाय द्या इकडे."

"ए बाई, तीस वर्षं पागेत काढलीत मी."

"मग आणखी थोडा वेळ थांबायला काय हरकत आहे?"

तिनं पाय उचलून गुडघ्यांत धरला. खूर हाताला गरम लागत होतं. चिमट्यानं ती कडेकडेनं दाबत गेली. एका जागी फेरांनं असा हिसका दिला की रिशां भिंतीवर आदळला. पेरोनेलनं तिथंच सुरी लावून खूर तासलं, आणि काळा, घाण वासाचा पू भळकन बाहेर आला. घोड्यानं लांब श्वास सोडला.

"एवढं सगळं खांद्यातून निघालं असतं का, दादा?"

चार दिवस तिनं ते खूर मिठाच्या गरम पाण्यात बुडवलं, कोंड्याचं पोटीस बांधलं, मग चामड्याचा तुकडा घालून नाल ठोकला. पाचव्या दिवशी फेरां टेकडी चढून गेला.

"मीच येते तुमच्याबरोबर," ती सरदारांना म्हणाली. "पण परत आल्यावर संघापुढं उभं राहून सांगायचं, की हे दुकान माझं आहे."

"दिला शब्द," तिबो म्हणाले.

मोठी लढाई झालीच नाही. दक्षिणेच्या डोंगरांत तीन आठवडे ते शत्रूची वाट बघत बसले, आणि शत्रू आला तो तिप्पट फौज घेऊन. माघारी फिरण्यावाचून इलाज उरला नाही. नदीवरचा पूल सहा दिवसांवर होता आणि सगळी वाट गारगोट्यांची. त्या दगडांनी नाल असे खाल्ले की चौथ्या दिवशी सकाळी पेरोनेलनं मोजलं, तर तेवीस घोडी अनवाणी होती. जादा नालांची पोती रिकामी झाली होती. कोळसा दोन पोती शिल्लक होता. शत्रू दीड दिवस मागं होता.

ती वाटेच्या कडेला उभी राहून एकेक घोडं पुढं जाताना बघत होती. मग मागून गाड्या आल्या, सामानानं वाकलेल्या अकरा गाड्या. प्रत्येक चाकाच्या कडेवर लोखंडी पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या. तिनं पुढच्या गाडीचा बैल शिंगाला धरून थांबवला.

"सरकार, मला या गाड्या हव्यात."

"कशाला?" तिबोंनी विचारलं.

"मोडायला."

गलका उठला. सर्वांत जास्त ओरडले ते तिबोंचे काका, म्हातारे सरदार ओदों. दुसऱ्या गाडीत त्यांचा पलंग होता, चार खांबी, पडद्यांसकट.

"त्या पलंगावर माझे वडील वारले!"

"तुम्ही इथं रस्त्यावर मराल, काकासाहेब," पेरोनेल म्हणाली. "घोडं पायानं गेलं की माणूस गेला. गाडी वाचवायची की घोडं, ते आत्ता सांगा. बोलण्यात जाईल त्या वेळात माझे दोन नाल होतात."

म्हातारा लालबुंद झाला. मग त्यानं तिबोंकडे पाहिलं, तिबोंनी जमिनीकडे पाहिलं, आणि शेवटी त्यानं स्वतःच बैल सोडायला सुरुवात केली.

ओढ्याकाठी तिनं छोटी ऐरण मांडली. सरदारांची माणसं छिन्नी-हातोडे घेऊन पट्ट्या उखडायला बसली. बरोबर आलेली ऊदीन भात्यावर होती. पट्टी तापवायची, दीड वीत तुकडा तोडायचा, वाकवायचा, भोकं पाडायची, की झाला नाल. घोड्यांचे पाय धरायला कुणी सराईत माणूस हवा होता. रिशां पुढं आला आणि त्यानं पहिल्या घोड्याचा पाय उचलला.

"पुढचे पाय आधी," पेरोनेल म्हणाली. "मागच्यांना चामडं बांधा, तेवढ्यावर निभेल."

एका घोडीला मात्र काही करता येण्यासारखं नव्हतं. तिचं खूर वर केसांपर्यंत चिरलं होतं. तिचा स्वार वीस-एकवीस वर्षांचा होता. घोडीच्या गळ्यात हात टाकून तो रडायला लागला.

"खोगीर उतरवा," पेरोनेल त्याला म्हणाली. "वळणापलीकडच्या गावात पाद्रीबाबांच्या अंगणात हिला सोडा. गवत आहे, पाणी आहे. तुमच्या ओझ्याखाली मरण्यापेक्षा ते बरं." घाई होती, तरी तो वळणाआड जाईपर्यंत ती हातोडा खाली धरून उभी राहिली.

अंधार पडायच्या आत बावीस घोडी पायावर उभी होती. पेरोनेलच्या डाव्या तळव्यावर मोठा फोड आला होता.

"मी पागेत ठेवलेल्या एकाही माणसाला हे जमलं नसतं," रिशां पाणी पीत म्हणाला.

"तुम्ही पाय चांगला धरता," ती म्हणाली. "खांद्याचं तेवढं कळत नाही."

यावर तो पहिल्यांदाच हसला.

सातव्या दिवशी त्यांनी पूल गाठला. पण शत्रूचे पुढचे स्वार तोवर येऊन भिडले होते. सगळे पार होईपर्यंत तिबो सहा जणांसह पुलाच्या तोंडाशी लढत राहिले आणि शेवटी पकडले गेले. पुढचे दोन हिवाळे त्यांनी परक्या किल्ल्यात काढले.

त्यामुळं वर्ष आणि एक दिवस भरला, तेव्हा पेरोनेलच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. संघाची बैठक लोहारांचा संत एलुआ याच्या देवळात भरली.

"सरदारांचा शब्द होता म्हणता," गार्निये म्हणाला. "सरदार कुठं आहेत?"

"तुमचा गुडघा ठीक असता तर तुम्हीच पाहिलं असतं, कुठं आहेत ते."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात दार उघडून रिशां आत आला. तो बोलका माणूस नव्हता. टोपी हातात चुरगाळत तो म्हणाला, "बावीस घोडी हिच्या हातानं घरी आली. सरदारांच्या बाईसाहेबांचा निरोप आहे, पागेतली घोडी यापुढं पेरोनेलबाईंच्याच दारात येतील. ते दार तुम्ही बंद केलंत, तर ती दुसऱ्या गावी जातील. व्हेरानमध्ये येणार नाहीत. माझं म्हणाल, तर मी घोड्याचा पाय दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही." एवढं बोलून तो बाहेर निघून गेला.

लोहार बराच वेळ कुजबुजले. गढीची घोडी गेली की सगळ्या आळीची रया जाणार, हे गार्नियेलाही कळत होतं. शेवटी त्यानंच दौत पुढं ओढली आणि संघाच्या वहीत लिहिलं, पेरोनेल, नालबंदीण. याआधी त्या वहीत बाईचं नाव आलं होतं ते फक्त कुणाची तरी बायको म्हणून.

पेरोनेलनं पुढं सव्वीस वर्षं काम केलं आणि पुन्हा लग्न केलं नाही. ऊदीननं केलं, रिशांशी, आणि त्यांच्या दोन्ही मुली याच भट्टीपाशी वाढल्या. साठीनंतर पेरोनेलनं लढाईच्या घोड्यांचे पाय उचलणं सोडलं, फक्त गिरणीवाल्यांची गाढवं घ्यायची. गाढवं वाद घालत नाहीत, असं ती म्हणायची. एका फेब्रुवारीत, चांगलं ऊन पडलेलं असताना, ती आठवडाभर अंथरुणाला खिळली आणि मग वारली. तिला पोचवायला आळीतले सगळे लोहार आले. त्या दिवशी व्हेरानमध्ये एकाही भट्टीतून धूर निघाला नाही.