आमची स्टाफरूम आणि थकव्यावरच्या गोळ्या

स्टाफरूममध्ये किस्से कोणी ठरवून जमवत नाही. मधल्या सुट्टीत डबे उघडले की ते आपोआप निघतात, आणि बेल वाजल्यावर अर्धवट राहिलेले दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतात.

नागपुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवते. आमच्याकडे डब्यांनंतर गोळ्या निघतात! कोणी नुसतं म्हणावं, "आज लय थकल्यासारखं वाटून राहिलं वं," की चार पर्स एकदम उघडतात. "हे घे, लोहाची." "अवं, ही घे, माह्या वहिनीले हिनंच फरक पडला!" मेडिकलवालासुद्धा इतक्या तत्परतेनं गोळ्या देत नसेल.

*

देशकर मॅडम गणिताच्या. त्यांचं व्हिटॅमिन डी कमी निघालं. डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिल्या, आठवड्याला एक. मॅडमनी घेतल्या रोज एक!

पाकीट संपल्यावर त्या मला घेऊन दुसरं आणायला गेल्या, तर मेडिकलवाला म्हणाला, "मॅडम, हे तर महिनाभर पुरते!" मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. आम्ही दोघी ऑटोनं थेट दवाखान्यात. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट येईपर्यंत मॅडम माझा हात धरून बसल्या होत्या.

रिपोर्ट ठीक आला. डॉक्टर म्हणाले, "काही झालं नाही. पण मी सांगेपर्यंत ही कॅप्सूल बंद."

मॅडमच्या जिवात जीव आला. दारापर्यंत गेल्या आणि वळून विचारलं, "डॉक्टर, मग उन्हात जाऊ की नको? त्यानंही डी वाढते ना?"

मे महिना होता. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. डॉक्टरांनी हातच जोडले. "मॅडम, नागपुरात या दिवसात हा प्रश्न विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

*

वानखेडे सर पी.टी.चे. त्यांनी शिट्टी वाजवली की शाळेबाहेरचा भाजीवालाही थांबतो. त्यांना लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन-चार दिवसांनी आम्ही बघतो तर सर कोपऱ्यात गप्प. डबाही उघडलेला नाही.

इतिहासाच्या ठाकरे सरांनी विचारलं, "काय झालं गा?"

वानखेडे सर हळूच म्हणाले, "माह्यं काही खरं नाही आता. सकाळी संडासले काळं झालं. पोटात रक्त पडून राहिलं असन. मेडिक्लेमची फाइल कुठं आहे, ते बायकोले सांगून आलो."

ठाकरे सरांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर. सगळं ऐकून डॉक्टर शांतपणे म्हणाले, "लोहाची गोळी घेता ना? तिच्यानं होते तसं. तरी संध्याकाळी येऊन दाखवून जा."

दाखवलं, तपासलं, काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी वानखेडे सरांकडून सगळ्या स्टाफला तर्री पोहे!

पोहे खाताना त्यांच्या बायकोचा मला फोन आला. "मॅडम, यायले विचारा, ती फाइल खरंच कुठं आहे? यायनं सांगितल्या जागी तर मिक्सरचं वॉरंटी कार्ड आहे!"

*

ठाकरे सरांचं वेगळंच. गुडघे दुखतात म्हणून त्यांना कॅल्शियमची चावून खायची गोळी दिली होती. पांढरी, जाडजूड. सर ती शर्टाच्या खिशात ठेवायचे. खडूचे तुकडेही त्याच खिशात.

एकदा नववीच्या वर्गात फळ्यावर तारीख लिहायला लागले, तर उमटेचना. दाबून लिहिलं तर भुगा पडला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही गोळीनं लिहून राहिले!"

वर्ग खो खो हसला. सरही हसले. आणि एकदम हसायचे थांबले. तसेच स्टाफरूममध्ये आले.

"ही गोळी इथं आहे, तर मग सकाळी मी काय खाल्लं?"

देशकर मॅडमनी वह्या तपासता तपासता मान वर न करता सांगितलं, "घाबरू नका सर. खडूतही कॅल्शियमच असते!"

*

आता मेश्राम मॅडम. आठवी ब च्या क्लास टीचर, इंग्रजी शिकवतात. वर्षभर त्या इतक्या थकलेल्या असायच्या, की जिना अर्धा चढून कठड्याला टेकून उभ्या राहायच्या. आवाज तर दुसऱ्या बाकापर्यंतही पोहोचत नव्हता. आमच्या सगळ्यांच्या गोळ्या त्यांनी खाऊन पाहिल्या, पण रक्त तपासायला मात्र तयार नव्हत्या. त्यांचे वडील रक्ताच्या कॅन्सरनं गेले होते.

"मले माहीत आहे वं काय निघते ते," एवढंच म्हणायच्या.

एक दिवस परीक्षेच्या हॉलमध्ये उभ्या उभ्या त्यांचा तोल गेला. वानखेडे सरांनी सावरलं. देशकर मॅडम म्हणाल्या, "बस झालं. चाल आत्ता माह्यासोबत." आणि त्यांना हाताला धरून लॅबमध्ये नेलं.

रिपोर्टच्या दिवशी बेल झाली, तरी आमच्यातलं कोणी वर्गावर गेलं नाही. मुख्याध्यापिका चिडून आल्या. "काहून बसून राहिले सगळे?" कारण कळल्यावर त्याही खुर्ची ओढून बसल्या.

फोन वाजला. मेश्राम मॅडम रडत होत्या, त्यामुळे काही समजेना. शेवटी सोबत गेलेल्या देशकर मॅडमनीच त्यांच्या हातून फोन घेतला आणि ओरडल्या, "बी ट्वेल्व्ह आहे! नुसतं बी ट्वेल्व्ह कमी आहे! इंजेक्शन घेतले की होते बरी!"

वानखेडे सरांनी शिट्टीच वाजवली. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "जा आता वर्गावर."

इंजेक्शनं सुरू झाली. मेश्राम मॅडमचा चेहरा हळूहळू उजळला. जिना एका दमात चढू लागल्या. आणि एका सकाळी वरच्या मजल्यावरून असा आवाज आला, की स्टाफरूममध्ये आम्ही सगळे दचकलो. "होमवर्क कोणी कोणी केला नाही? उभ्या राहा!"

मधल्या सुट्टीत आठवी ब च्या तिघी जणी दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरे उतरलेले. मॉनिटर पुढे झाली आणि मला अगदी काकुळतीनं विचारलं,

"मॅडम, मेश्राम मॅडमचे इंजेक्शन कधी संपतात?"